लिव्हर नव्हे, स्नायू

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, तेव्हा अपेक्षा रास्तच होती. पण त्या विषयावर तुम्हाला रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर भरपूर ज्ञान मिळतं, त्यात माझी भर नको. मी विषय बदलून मागितला आणि त्यांनी दिला, याबद्दल त्यांचे आभार. मला बोलायचं आहे आपल्या स्नायूंमधल्या एका एन्झाइमबद्दल. शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला 'विकर' म्हणायचे, आठवतंय? आपण त्याचा 'विकार' करून मार्क घालवायचो. या विकराचं नाव क्रिएटिन कायनेज. लॅबच्या छापील कागदावर ते अजून जुन्या नावाने, म्हणजे 'सीपीके' असं येतं.

मी डॉक्टर नाही. हे सगळं शिकावं लागलं, कारण माझ्या मावसबहिणीच्या मुलाचा आजार या एका आकड्यावरून कळला, आणि तो कळायला तीन वर्षं लागली. तिला विचारूनच मी आज बोलते आहे.

आधी हे एन्झाइम करतं काय ते सांगते. खो-खोमध्ये पाठीवर थाप बसली की आपण विचार न करता उठून पळायचो. त्या क्षणी मांडीच्या स्नायूला ताबडतोब ऊर्जा लागते. पेशीतली खर्चायची ऊर्जा म्हणजे एटीपी नावाचा रेणू. ही हातातली रोकड समजा. पण स्नायूत ही रोकड असते किती, तर जोर लावून पळताना दोन-तीन सेकंद पुरेल एवढीच. साखर जाळून नवं एटीपी करायला थोडा वेळ जातो आणि चरबी जाळायला त्याहून जास्त. ती तर मुदत ठेवच, मोडायला वेळ लागणारच. मग मधल्या वेळेत काय? माझी आजी तांदळाच्या डब्यात पैसे ठेवायची. दाराशी कोळीण आली की बँकेत जावं लागत नसे, डब्यात हात घातला की काम झालं. स्नायूतला तांदळाचा डबा म्हणजे क्रिएटिन फॉस्फेट, आणि डब्यात जाणारा आजीचा हात म्हणजे क्रिएटिन कायनेज. ते क्रिएटिन फॉस्फेटवरचा फॉस्फेटचा तुकडा काढून वापरलेल्या एटीपीला पुन्हा जोडून देतं, आणि रोकड परत तयार होते. असे आणखी आठ-दहा सेकंद निघतात. आपण बसलो, दम खाल्ला, की तेच एन्झाइम उलटं काम करतं आणि डबा पुन्हा भरून ठेवतं.

हा डबा सापडला १९२७ साली, आणि सापडवणाऱ्यांत एक आपला माणूस होता. येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. अमेरिकेत हार्वर्डला सायरस फिस्क यांच्याबरोबर काम करताना त्यांनी स्नायूतलं क्रिएटिन फॉस्फेट ओळखलं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एगलटन पतिपत्नींनाही ते सापडलं होतं. दोन वर्षांनी, १९२९ मध्ये, सुब्बाराव आणि फिस्क यांनी, आणि स्वतंत्रपणे जर्मनीत कार्ल लोमान यांनी एटीपी वेगळं काढलं. या दोघांना जोडणारी अभिक्रिया लोमान यांनी १९३४ मध्ये दाखवली. हत्तीरोगावरची हेट्राझानची गोळी सरकारी कर्मचारी घरोघर वाटायचे, तीसुद्धा याच सुब्बारावांच्या देखरेखीखाली पुढे अमेरिकेत तयार झाली. एवढ्या माणसाचा आपल्या कुठल्या पुस्तकात धडा नव्हता, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

हे एन्झाइम नसेल तर काय होईल, हेही पाहून झालेलं आहे. १९९३ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी त्याचं जनुक बंद केलेले उंदीर तयार केले. उंदीर जगले, हिंडले-फिरले. पण त्यांच्या स्नायूंना एकदम जोर लावता येईना. थोडक्यात, ते खो-खोच्या संघात घेण्यासारखे नव्हते. माणसात या जनुकाचं नाव सीकेएम. ते एकोणिसाव्या गुणसूत्रावर असतं, लांबी अठरा हजार अक्षरांच्या आसपास, आणि त्यातून ३८१ अमिनो आम्लांची साखळी तयार होते. जनुकांच्या हिशेबात आटोपशीर काम.

आता मूळ मुद्दा. हे एन्झाइम स्नायूच्या पेशीत राहायला हवं. ते रक्तात थोडंच सापडतं, दर लिटरला साधारण दोनशे युनिटपर्यंत. रक्तातला आकडा वाढला, तर अर्थ एवढाच की कुठेतरी स्नायूची पेशी फाटली आणि आतला माल बाहेर आला. काल भाट्याच्या किनाऱ्यावर जे रस्सीखेच खेळले, त्यांचं सीपीके आज तपासलं तर लॅबवाला घाबरून फोन करेल. सवय नसलेल्या व्यायामाने ते हजारातही जाऊ शकतं आणि आपोआप उतरतं. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी वाढतं, थायरॉइड कमी असेल तर वाढतं, दंडावर इंजेक्शन घेतलं तरी थोडं वाढतं. मिरकरवाड्यातल्या कुणाला जाळ्यात आलेला समुद्रसाप चावला तर त्याचं विष स्नायूच विरघळवतं, लघवी काळपट होते, आणि सीपीके प्रचंड चढतं. तेव्हा आकडा वाढला म्हणजे भयंकरच काही, असं नाही. पण लहान मुलाचा आकडा काही कारण नसताना वाढलेला असेल आणि वाढलेलाच राहत असेल, तर त्याकडे बघायलाच हवं.

बहिणीचा मुलगा दीड वर्षाचा होऊन गेल्यावर चालायला लागला. 'मुलगे उशिराच चालतात' असं सगळ्यांनी सांगितलं. तिसऱ्या वर्षी तो जिना चढताना कठडा धरायचा, पळताना पडायचा. पोटऱ्या मात्र अशा भरलेल्या, की त्याचे आजोबा पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचे, 'बघा, पैलवान होणार हा.' जमिनीवरून उठताना तो आधी ओणवा व्हायचा, मग गुडघ्यांवर हात, मग मांड्यांवर हात, असा स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहायचा. या उठण्याला वैद्यकात नाव आहे. गॉवर्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८७९ मध्ये त्याचं वर्णन करून ठेवलं आहे. आमच्या घरी त्याला 'म्हातारबाबा' म्हणायचे, आणि सगळे हसायचे. तोही हसायचा.

एकदा तापात रक्त तपासलं तर एसजीपीटी आणि एसजीओटी दोन्ही कितीतरी पटीने वाढलेले. या दोन्ही तपासण्या छापलेल्या असतात 'लिव्हर फंक्शन टेस्ट' या मथळ्याखाली. मथळा लिव्हरचा, म्हणून आजार लिव्हरचा. झालं. कावीळ ठरली. तेल बंद, तूप बंद, उसाचा रस सुरू. कोकणात कावीळ म्हटली की पुढे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. झाडपाल्याचं औषध आणलं, एका गावी नेऊन कावीळ 'उतरवून' आणली. आकडे काही उतरले नाहीत. मग सोनोग्राफी, मग हिपॅटायटिसच्या तपासण्या, मग मोठ्या शहरात लिव्हरचा तुकडा काढून बघायची गोष्ट निघाली. तोवर अडीच वर्षं गेली होती. आणि या सगळ्या काळात त्याचे डोळे एकदाही पिवळे झाले नव्हते. बिलिरुबिन दर वेळी नॉर्मल.

एसजीपीटी आणि एसजीओटी ही एन्झाइमं लिव्हरमध्ये असतात तशी स्नायूतही असतात. आमच्या धंद्यात एरर एका खोलीत दिसते आणि बिघाड दुसऱ्याच खोलीत असतो, हे रोजचं आहे. म्हणून तर लॉग वाचताना मथळ्यावर विश्वास ठेवत नाहीत. इथे खोली ओळखायची सोपी खूण आहे. जीजीटी नावाचं एक एन्झाइम लिव्हरच्या आजारात वाढतं, स्नायूच्या आजारात वाढत नाही. एसजीपीटी वाढलेलं, पण जीजीटी आणि बिलिरुबिन नॉर्मल, आणि मूल जिन्यावर दमतं, तर सीपीके करायचं. काहीशे रुपयांची तपासणी आहे, रत्नागिरीत होते, रिपोर्ट बहुधा त्याच दिवशी मिळतो. शेवटी एका तरुण बालरोगतज्ज्ञाने मुलाला जमिनीवर बसवलं, 'उठ बघू' म्हटलं, आणि एवढं बघून सीपीके लिहून दिलं. आकडा आला १८,४००.

स्नायूंच्या या आजारात सीपीके वाढतं हे जपानच्या एबाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्येच दाखवलं होतं. हे साल लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याकडे येणार आहे.

आजाराचं नाव ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला होतो. बहिणीच्या नवऱ्याने रिपोर्टवर एन्झाइमचं नाव वाचलं आणि रात्रभर त्या एन्झाइमच्या जनुकाबद्दल वाचत बसला. पण मुलाचं ते जनुक अगदी धडधाकट आहे. एन्झाइमही उत्तम आहे, फक्त ते असायला नको तिथे सापडतंय. बिघाड आहे एक्स गुणसूत्रावरच्या दुसऱ्याच जनुकात. ते जनुक डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन बनवतं, जे स्नायूपेशीच्या आतला सांगाडा आणि बाहेरची त्वचा यांना एकत्र धरून ठेवतं. १९८७ मध्ये ते सापडलं आणि त्याला नाव मिळालं. डिस्ट्रोफिन नसेल तर स्नायू दर वेळी आखडला-सैलावला की पेशीची त्वचा थोडी थोडी फाटते. तिथून सीपीके गळतं. शरीर डागडुजी करत राहतं आणि एका टप्प्यावर हरतं; स्नायूच्या जागी चरबी आणि चिवट तंतू भरतात. त्या 'पैलवानी' पोटऱ्या म्हणजे तेच. आणखी एक सांगते, कारण यात भलेभले फसतात. मोठेपणी या मुलांचं सीपीके हळूहळू खाली येतं. ती सुधारणा नसते. गळायला स्नायूच कमी उरलेला असतो.

डिस्ट्रोफिनचं जनुक माणसातलं सगळ्यात मोठं, सुमारे २२ लाख अक्षरांचं, आणि त्यात अर्थपूर्ण तुकडे ७९. जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचलं जातं. समजा लिहिलंय 'कमल नयन मदन पवन'. त्यातला एक 'म' पडला, आणि तीन-तीननेच वाचायचं ठरलं, तर होतं 'कलन यनम दनप वन'. पुढचं सगळं वाया. पण अख्खा 'नयन' पडला तर 'कमल मदन पवन' उरतं. वाक्य लहान झालं, तरी वाचता येतं. पहिल्या प्रकारात ड्युशेन होतो, दुसऱ्या प्रकारात बहुधा त्याचाच सौम्य भाऊ, बेकर. आमच्या मुलाचे तुकडे पडले ते पहिल्या प्रकारे.

मुंबईच्या न्यूरॉलॉजिस्टने विचारलं, 'आईच्या माहेरी कुणा मुलाला असं काही?' मावशी 'नाही' म्हणाली. पण माझी आई बरोबर होती. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, 'माझा भाऊ.' मावशी धाकटी, तिला आठवणही पुसट. त्या मामाला मी पाहिलेलं नाही. तो १९६८ मध्ये सतराव्या वर्षी गेला. घरात कायम सांगितलं जायचं की त्याला पोलिओ होता. आजोबा त्याला खांद्यावर बसवून शाळेत नेत, चौथीनंतर तेही थांबलं. आजीने गणपतीपुळ्याला नवस केले. तिच्या पदरात काहीतरी दोष आहे, हे तिला ऐकवणारी माणसं घरातच होती. आईने परत आल्यावर ट्रंकेतून फोटो काढला. मामा अंगणात उभा, चड्डी, पोट पुढे काढलेलं, टाचा किंचित उचललेल्या. आणि त्या पोटऱ्या.

१९५९ आणि १९६८. नऊ वर्षांचं अंतर. तेव्हा टोकियोतली तपासणी रत्नागिरीच्या अंगणात पोचणं शक्य नव्हतं, ते मी समजू शकते. आज शक्य आहे आणि तरी तीन वर्षं लागतात, ते मला समजत नाही.

बायकांना एक्स गुणसूत्रं दोन असतात. एक बिघडलं तर दुसरं सांभाळून घेतं, म्हणून बाई वाहक राहते. मुलग्याला एकच. वाहक आईच्या प्रत्येक मुलाला आजाराची आणि प्रत्येक मुलीला वाहक असण्याची शक्यता निम्मी. म्हणजे माझी आई निम्म्या शक्यतेवर, मी पाव शक्यतेवर. वाहक बायकांतही सीपीके वाढलेलं असू शकतं, पण अनेकींचं नॉर्मल येतं, त्यामुळे त्यांच्या बाबतीत त्या आकड्यावर विसंबता येत नाही, जनुकच तपासावं लागतं. मला एक मुलगी आहे. रिपोर्ट यायला तीन आठवडे लागले. तो बिघाड माझ्यात नाही. बहिणीत आहे. तिला हे कळलं तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, 'म्हणजे माझ्यामुळे?' इथे मला स्पष्ट बोलायचं आहे. अशा सुमारे एक तृतीयांश मुलांत हा बिघाड नव्यानेच झालेला असतो, आईत नसतोच. आणि जिथे आईकडून आलेला असतो, तिथेही आईने काय केलं? २२ लाख अक्षरं उतरवून घेतली, तिच्या आईने दिली तशी. आजीला हे सांगायला कुणी नव्हतं.

त्या हुकलेल्या तीन वर्षांत बहिणीला दुसरं मूल झालं. मुलगी झाली. मुलगा झाला असता तर निम्म्या शक्यतेने पुन्हा तेच. निदान वेळेत झालं असतं तर तिला आधी विचार करता आला असता, गरोदरपणात तपासणी करता आली असती. एक्स गुणसूत्रावरच्या आजारांसाठी कायद्याने ती मुभा ठेवलेली आहे. मुलीची वाहक-तपासणी आत्ता करायची नाही, ती सज्ञान झाल्यावर तिने ठरवायचं, असं समुपदेशकाने सांगितलं आणि ते मला पटलं. बहीण स्वतः मात्र दरवर्षी हृदयाचा इको करून घेते, कारण वाहक बायकांचं हृदय कधीकधी अशक्त होतं.

मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. रोज स्टेरॉइड घेतो. त्याने चालणं काही वर्षं लांबतं. व्यायाम हलका, ताणण्याचा. दमवणारा नाही, कारण ताणला तेवढा स्नायू फाटतो. हृदय आणि फुप्फुसं ठरावीक काळाने तपासतात. गळ्यातल्या कार्डावर लिहिलेलं आहे की शस्त्रक्रियेची वेळ आली तर सक्सिनिलकोलीन हे भुलीचं औषध देऊ नये. या मुलांचं हृदय त्याने थांबू शकतं. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात हा आजार आहे, मदतीची मर्यादा आता ५० लाख आहे, आणि परळचं केईएम त्यासाठीच्या केंद्रांपैकी एक आहे. जनुकाचा फाटका भाग ओलांडून वाचायला लावणारी औषधं परदेशात आली आहेत, पण त्यांच्या किमती ऐकल्या तर ही मर्यादा फार मोठी वाटत नाही. खोटी आशा मी बहिणीला देत नाही, तुम्हालाही नाही.

आता शाळेबद्दल. इथे बसलेल्यांपैकी सहा-सात जण शिक्षक आहेत, तिघे डॉक्टर आहेत. डॉक्टरांनो, तुम्हाला हे सगळं माहीत आहे, फक्त एसजीपीटीचा कागद हातात आला की मुलाला एकदा जमिनीवरून उठवून बघा. शिक्षकांनो, जे पोर कवायतीत मागे पडतं, जिन्यावर शेवटी येतं, त्याला 'आळशी' म्हणण्याआधी त्याच्या आईला बोलवा. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, त्यामुळे परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. अर्ज कसा करायचा ते मला विचारा, माझ्या फोनमध्ये सगळे नमुने आहेत.

आणि माजी विद्यार्थी निधी. प्रवेशद्वाराशी कमान बांधायचा ठराव आज दुपारी येणार आहे, मला माहीत आहे, वर्गणीदारांची नावं कोरायची कल्पनाही वाईट नाही. माझा दुसरा ठराव आहे. बहिणीचा मुलगा आत्ता पाचवीत आहे आणि त्याला आठवीला आपल्याच शाळेत यायचं आहे, कारण त्याची आई इथली. तोवर तो बहुधा चाकाच्या खुर्चीवर असेल. आपल्या मुख्य इमारतीला सात पायऱ्या आहेत. एकेक सहा इंच, म्हणजे साडेतीन फूट उंची. रॅम्पचा उतार बारास एक धरतात, म्हणजे ४२ फूट लांबी लागेल, मध्ये थांबायला सपाट जागा वेगळी. सायकल स्टँडच्या भिंतीलगत पन्नास फूट मोकळे आहेत. काल सकाळी टेप लावून मोजून आले आहे.